मैत्री हॉटेलातला पहिला पेला

यवत सोडून सोलापूरच्या अंगाला दोन मैल गेलं की पिंपळाचा फाटा लागायचा. फाटा म्हणजे काही गाव नव्हे. रस्त्याच्या अलीकडे एक हॉटेल, पलीकडे एक हॉटेल, पंक्चर काढणारा एक माणूस आणि एक जुना पिंपळ, एवढाच पसारा. पलीकडचं हॉटेल मारुतरावांचं. ते मोठं. भजी, मिसळ, जिलबी, वर रेडिओ. अलीकडचं पत्र्याचं, चार बाकांचं हॉटेल म्हाळू ओव्हाळचं. पाटीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘मैत्री हॉटेल’. तिथं चहा, बटर, खारी, सकाळच्या पारी पोहे आणि थोडीफार भजी मिळायची. आणि पाणी मिळायचं.

पाणी काय, कुठल्याही हॉटेलात मिळतं, असं कुणी म्हणेल. पण म्हाळूकडचं पाणी चुकवता यायचं नाही. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की म्हाळू कोपऱ्यातल्या रांजणातून पितळी पेला भरायचा, पंच्यानं बाहेरून पुसायचा आणि आपल्या हातानं गिऱ्हाइकापुढं ठेवायचा. मग तिथंच उभा राहायचा. माणूस पाणी प्यायला, पेला खाली ठेवला, की मगच विचारायचा, काय देऊ. घाईवाले वैतागायचे. बाहेर कंडक्टर घंटीवर घंटी मारत राहायचा. म्हाळू आपला खांबासारखा उभा. आधी पाणी, मग धंदा, हा त्याचा नेम होता, आणि त्यात तो देवाला जुमानला नसता. तसा तो देव मानतही नव्हता म्हणा.

या नेमामागं एक कारण होतं आणि ते फाट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नसे. म्हाळूचा बाप कोंडिबा, महारकीच्या काळातला माणूस. तेव्हा फाट्यावर एकच हॉटेल होतं, मारुतरावांच्या वडिलांचं. कोंडिबाची कपबशी हॉटेलात नसायची. ती बाहेर, पिंपळाच्या ढोलीत. चहा प्यायचा, कप आपला आपण विसळायचा, परत ढोलीत ठेवायचा. पाणी हवं असेल तर लांब उभं राहून ओंजळ पुढं करायची, आणि कुणाला वाटलं तर तो वरून धार धरायचा. वाटलं तर. म्हाळूनं लहानपणी एकदा वैशाखातल्या दुपारी बापाची ती ओंजळ बघितली होती. ती भरली नाही. आतली माणसं गप्पांत होती. कोंडिबा कितीतरी वेळ तसाच उभा राहिला आणि मग हात खाली करून चालायला लागला. पुढं म्हाळू दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून लागला, रात्रीच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकला, छप्पन साली धम्मात गेला, दोन मुलींची लग्नं करून मोकळा झाला. पण ती ओंजळ काही त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

लोको शेडमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. साहेब लोकांनी चुकी त्याचीच म्हणून कागद रंगवला होता. पण युनियनवाल्यांनी कायदा दाखवला आणि कायद्यानं त्याला नुकसानभरपाई मिळवून दिली. त्याच पैशातून सहासष्ट साली ‘मैत्री’ उभं राहिलं. तेव्हापासून म्हाळूची कायद्यावर भारी भक्ती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि तिसऱ्या चौकटीत काच लावून बसवलेला ग्रामपंचायतीचा हॉटेलचा परवाना. रोज सकाळी तिन्ही काचा तो सारख्याच मायेनं पुसायचा. बायको सोजरबाई हसायची. म्हणायची, परवान्याला बी हार घाला आता.

“हसू नगं,” म्हाळू म्हणायचा. “कायदा हाय म्हून आपुन हितं बसलोय. न्हाईतर ढोलीत हुतो.”

पहिले सहा महिने हॉटेलात फक्त ट्रकवाले यायचे. पंजाबचा सरदार, आंध्राचा रेड्डी, त्यांना कोण म्हाळू आणि कोण मारुतराव. आजूबाजूच्या वस्त्यांवरचा एक माणूस पायरी चढेना. मग एका दुपारी हौसराव आले. हौसराव म्हणजे बागायतदार, सोसायटीचे संचालक, मारुतरावांचे सख्खे चुलतभाऊ. बाजारातून परतताना सायकलची चेन तुटली होती, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि पलीकडचं हॉटेल कुणाच्या तरी दहाव्यासाठी बंद होतं. म्हाळूनं नेहमीसारखा पेला भरला, पुसला, पुढं ठेवला. हौसरावांनी पेल्याकडे बघितलं. म्हाळूकडे बघितलं. रस्त्याकडेही एकदा बघून घेतलं. मग पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. म्हणाले, अजून एक दे.

दुसऱ्या दिवशी पलीकडचं हॉटेल उघडलं तरी हौसराव इकडेच आले. का आले, ते त्यांनाच माहीत. कदाचित आदल्या दिवशी रस्त्याकडे बघितल्याची त्यांना लाज वाटली असेल. तेव्हापासून आठ वर्षं, सकाळी डेअरीला दूध घालून ते सायकल पिंपळाला टेकवायचे आणि ‘मैत्री’तला पहिला पेला त्यांचा असायचा. ते प्यायले म्हणून चार जण प्यायले, चौघांचे चाळीस झाले. म्हाळू बायकोला सांगायचा, मी जन्मात काय कमावलं असं कुणी विचारलं तर हौसराव आबांचा सकाळचा पेला दाखवीन. सोजरबाईला हे बोलणं आवडत नसे. दुसऱ्याच्या घशात आपली कमाई ठेवू नये, असं तिला वाटायचं. तिचं चुकलं होतं असं आज म्हणवत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. ही साथ म्हणे समुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावरून निघालेली, दहा-बारा वर्षं देशोदेशी हिंडत होती. मागच्या दुष्काळानं विहिरी तळाला गेलेल्या, माणसं मिळेल ते पाणी पीत होती, तिला हातपाय पसरायला जागाच जागा होती. भीमेकाठच्या गावांतून माणसं दवाखान्यात जायला लागली आणि कलेक्टरचा हुकूम निघाला. छापील कागद, खाली शिक्का. चावडीचा शिपाई दोन्ही हॉटेलांत एकेक प्रत देऊन गेला.

मारुतरावांनी त्यात त्याच दिवशी भजी बांधली. म्हाळूनं मात्र चष्मा लावून सगळं गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. उघडे पदार्थ विकायचे नाहीत. कापलेली फळं, उसाचा रस, बर्फ बंद. पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची. आणि शेवटचं कलम असं की, जागेत कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर हॉटेलवाल्यानं ताबडतोब आरोग्य केंद्राला लेखी कळवायचं. न कळवल्यास खटला. एक ट्रकवाला झोपेतून उठून म्हणाला, चाचा, चाय तो बंद नहीं ना? मग सगळे हसले आणि विषय संपला. म्हाळूच्या लेखी संपला नव्हता. त्यानं तो कागद परवान्याच्या खाली चिकटवला.

झालं असं की, हुकूम पाळणारा फाट्यावर एकटा म्हाळूच निघाला. त्यानं भजी बंद केली. पोह्यांवर झाकण आलं, बटर काचेच्या बरणीत गेले. रांजणात पावडर पडली आणि पाण्याला असा वास सुटला की चहासुद्धा दवाखान्यातला वाटायला लागला. गिऱ्हाईक नाक मुरडून पलीकडे जायला लागलं. पलीकडे कढई दिवसभर तापलेली, माश्या घोंगावतायत, रेडिओ चालू. सोजरबाई म्हणायची, थोडी पावडर कमी टाका की, बघायला कोण येतंय. म्हाळू म्हणायचा, हुकमात चमचा लिहिलाय, चमचाच पडणार.

हौसराव मात्र येत होते. पहिल्या दिवशी त्यांनी पेला नाकाजवळ नेला, तोंड वाकडं केलं आणि तरी प्यायले.

“दवाचा वास मारतोय,” ते म्हणाले. “पर तुझ्या हातचं हाय. चालतंय.”

त्या वाक्यावर म्हाळूनं तो महिना काढला.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. दौंडचं स्टेशन सुनंसुनं पडलं आणि गाडीनं जाणारी सगळी माणसं रस्त्यावर आली, ट्रकच्या फाळक्याला लोंबकळून, एस.टी.च्या टपावर बसून. अशाच एका ट्रकमधून एका सकाळी दोन मजूर माणसं फाट्यावर उतरली. नवरा-बायको. ज्ञानू आणि नकुशी त्यांची नावं. सांगोल्याकडची. पाटाच्या कामावर होती, काम संपलं म्हणून गावी निघाली होती. ज्ञानूच्या पोटात रात्रीपासून कळा होत्या. ट्रकवाल्यानं त्याची दशा बघून दोघांना खाली उतरवलं होतं.

ती दोघं आधी मारुतरावांच्या दारात गेली. तिथंच ज्ञानूला उलटी झाली. मारुतरावांनी आरडाओरडा केला, पोऱ्याकडून बादलीभर पाणी ओतवलं आणि दोघांना रस्त्यावर हाकललं. हे सगळं हौसरावांनी ‘मैत्री’च्या बाकावरून पेला हातात धरून बघितलं. म्हाळूनंही बघितलं. नकुशी नवऱ्याला काखेत धरून रस्ता ओलांडून आली आणि पायरीशी थबकली. चढावं की नाही, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हाळूला ते तोंड ओळखीचं वाटलं. त्यानं ज्ञानूला आत आणून बाकावर निजवलं, पेला भरला, पुसला, त्यात मीठ-साखर घातली आणि तोंडाला लावला. दोन घोट पोटात गेले, तेवढेच परत आले.

हौसराव उठले. घाई आहे म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

सोजरबाईनं नवऱ्याला भट्टीमागं ओढलं. तिचं म्हणणं सरळ होतं. येणाऱ्या ट्रकला हात करा, दोघांना दवाखान्यात पोचवा, आन् गप बसा.

“माणसाला पाणी दिलंसा, लई केलंसा,” ती म्हणाली. “पर कागदावर आपलं नाव घालू नका. कागदावर आलं की ते आपल्यालाच चिकटतं. त्या मारुतरावाच्या दारात वकला ना तो? त्यो जाणार हाय का लिहून द्यायला?”

“त्यो न्हाई जाणार म्हून मी बी न्हाई जायचं?” म्हाळू म्हणाला. “हुकूम हाय, सोजर. आपल्यासाठी कवातरी कुणी हुकूम पाळलाय, तवाच आपण आज माणसांत हाय.”

त्यानं सायकल काढली आणि आरोग्य केंद्रात जाऊन स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज दिला. तीन बोटांत पेन धरून एकेक अक्षर काढायला त्याला वेळ लागायचा. अर्जाखाली त्यानं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, परवान्याचा नंबर लिहिला. केंद्रातून गाडी आली. ज्ञानू आणि नकुशी तिच्यातून गेली. दौंडला पोचायच्या आत ज्ञानू गेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून सॅनिटरी इन्स्पेक्टर जीपनं आला. तरुण होता, चार रात्री झोपलेला नव्हता, डोळे लाल. त्याच्या हद्दीत एक माणूस पटकीनं मेला होता आणि वरून विचारणा झाली होती. त्याच्याकडे कागद एकच होता, म्हाळूचा. तो पलीकडेही डोकावून आला. मारुतरावांनी पहाटेच ओटा धुतला होता, कढई पालथी घातली होती, रेडिओवर भजन लावलं होतं. इन्स्पेक्टरनं रांजणातलं पाणी दोन बाटल्यांत भरून सील केलं, पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला. मग बाकावर बसून पंचनामा लिहिला. पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं हवी होती. हौसराव रस्त्यानं जात होते, त्यांना थांबवलं. दुसरे पोलीसपाटील तात्याबा.

पंचनामा वाचायला म्हाळूच्या हातात आला. तो प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. ‘सदर उपाहारगृहातील पाणी प्यायल्यानंतर इसमास उलट्या व जुलाब सुरू झाले.’

“साहेब, ह्ये उलटं झालं,” तो म्हणाला. “उलट्या आधी. पाणी मागनं.”

इन्स्पेक्टरनं कपाळावरचा घाम पुसला. अर्ज तुमचाच, जागा तुमचीच, असं तो म्हणाला. पाण्याचा रिपोर्ट येईल, त्यात काय ते निघेल, आत्ता मला अजून तीन गावं करायची आहेत. त्याचं बोलणं वाईट नव्हतं. दमलेल्या माणसाचं होतं. म्हाळूनं हौसरावांकडे बघितलं. एक शब्द हवा होता. मी बघितलंय साहेब, तो पलीकडे वकला, एवढाच. हौसराव आपल्या सायकलच्या ब्रेकशी चाळा करत होते. रस्त्यापलीकडे मारुतराव ओट्यावर येऊन उभे होते.

हौसरावांनी सही केली. तात्याबांनी अंगठा दिला. आणि मग म्हाळूनंही सही केली. तीच त्याच्या आयुष्यातली चूक. दुसरा कुणी असता तर सरकारी कागदाला घाबरून सही केली असती, किंवा भांडला असता. म्हाळूनं विश्वासानं केली. सरकारचा कागद चुकला तर सरकारच दुरुस्त करतं, असं त्याला मनापासून वाटत होतं. आपल्या वळणदार सहीकडे तो क्षणभर कौतुकानं बघतही राहिला. आज ते आठवलं की राग येतो आणि रडूही येतं.

हॉटेलला टाळं लागलं. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर लाखेची मोहोर बसली. भिंतीवरचा परवाना इन्स्पेक्टरनं काचेसकट काढून नेला. भिंतीवर दोन तसबिरींच्या शेजारी एक चौकोनी पांढरा डाग उरला. दौंडच्या कोर्टात खटला गेला. सरकारी हुकूम मोडल्याचं एक कलम, निष्काळजीपणानं रोग पसरवल्याचं दुसरं. फाट्यावर हुकूम पाळणारा एकुलता एक माणूस हुकूम मोडणारा ठरला, आणि ज्यानं त्या हुकुमात भजी बांधली तो जिलबी तळत राहिला.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ आला. साथ ओसरली. पण बोलणं ओसरलं नाही. साथ म्हाळूच्या पाण्यानं आली, असं आधी चार जण म्हणत होते, मग सगळेच म्हणायला लागले. बौद्धवाडीच्या बायका सार्वजनिक विहिरीवर गेल्या की बाकीच्या आपल्या घागरी उचलून बाजूला व्हायला लागल्या. कुणी वाईट शब्द बोलत नव्हतं. रोगाचं निमित्त होतं ना. जपायला हवं, एवढंच म्हणायचे. सोजरबाई रोजगाराला जायला लागली, खुरपायला. म्हाळू तारखांना जायचा. मेणकापडात कागद गुंडाळून, धुतलेला सदरा घालून. चार तारखा नुसत्याच पडल्या. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून तो परत परत तोच हुकूम वाचायचा आणि आपण कुठलं कलम मोडलं ते शोधायचा. त्याला सापडायचं नाही.

भादव्यात रिपोर्ट आला. रांजणातल्या पाण्यात रोगाचे जंतू नव्हते. पावडरही नेमून दिली तेवढी, ना कमी ना जास्त. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोग पोटात शिरून एक-दोन दिवस झाले असावेत. नकुशीचा दवाखान्यातला जबाबही वाचला गेला. पाटाचं पाणी प्यालो होतो, आदल्या रात्रीपासून कळा होत्या, असं तिनं सांगितलं होतं. शेवटी पंच म्हणून हौसरावांना उभं केलं. सगळ्यांना वाटलं, हा माणूस भावाच्या विरोधात कशाला बोलेल. म्हाळूनं खाली मान घातली होती.

हौसराव खरं बोलले. सावकाश, कठड्याला धरून, पण सगळं बोलले. उलटी मारुतच्या दारात झाली. मारुतनं हाकललं. म्हाळूनं आत घेतलं. पंचनाम्यावर सही केली तेव्हा हे मला ठाऊक होतं, मी बोललो नाही, चुकलो. मॅजिस्ट्रेटनी खटला काढून टाकला आणि वर असंही म्हणाले की सबंध तालुक्यात हुकूम अक्षरशः पाळणारा हा एकच हॉटेलवाला दिसतो. म्हाळूनं ते वाक्य घरी येईपर्यंत पाठ केलं होतं. सोजरबाईला त्यानं ते तीनदा ऐकवलं. तीही रडली. एकदा तरी कायद्यानं आपल्या नवऱ्याचं ऐकलं, म्हणून रडली.

परवाना परत आला, काच तडकून, पण आला. तो पांढऱ्या डागावर बसला. लाखेची मोहोर फुटली. म्हाळूनं रांजण राखेनं तीन वेळा घासला, उन्हात वाळवला, नवं पाणी भरलं. परवान्याशेजारी रिपोर्टाची नक्कल चिकटवली. सकाळी अंघोळ करून भट्टी पेटवली आणि रस्त्याकडे डोळे लावून बसला.

हौसराव आले. येतील का नाही, असं वाटत होतं, पण आले. सायकल पिंपळाला टेकवली, नेहमीच्या जागी बसले. मारुतरावांनी भावाशी बोलणं टाकलं होतं, सोसायटीत त्यांच्याविरुद्ध गट उभा केला होता. इतकं सोसून हा माणूस आला होता. त्यानं पेला भरला. पंच्यानं पुसला. दोन थेंब बाकावर सांडले. पेला पुढं ठेवला आणि उभा राहिला.

हौसराव पेल्याकडे बघत राहिले.

“पाणी नगं, म्हाळू,” ते म्हणाले. “च्याच दे.”

म्हाळूला वाटलं, तहान नसेल. तो हलला नाही.

“घरात लहान नातवंडं हायती,” हौसराव खालच्या आवाजात म्हणाले. “आमच्या मंडळीनं आण घातलीय. च्या उकळल्याला असतो. तुला समजून घ्यावं लागंल.”

म्हाळूनं भिंतीवरच्या रिपोर्टाकडे बघितलं. हौसरावांनीही बघितलं. त्यांनीच तर कोर्टात सांगितलं होतं. पाणी चोख आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? म्हाळूनं पेला उचलला, पिंपळाच्या बुंध्याशी ओतला आणि चहा करायला गेला. चहात साखर घालायची राहिली. हौसरावांनी तो बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

रोज तसंच होत राहिलं. म्हाळू रोज पेला ठेवायचा, हौसराव रोज चहा मागायचे, पेला भरलेलाच परत जायचा. वस्तीवरच्या बाकीच्यांनीही तेच धरलं. ट्रकवाले घटाघटा प्यायचे, त्यांना फाट्यावरच्या बोलण्याचं काही माहीत नव्हतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पुढचा उन्हाळा आला. पटकीचं नाव कुणी काढेनासं झालं. पलीकडे मारुतरावांकडे उघड्या पिंपातलं पाणी सगळे पीत होते. सोजरबाई एकदा म्हणाली, नका ठेवू पेला, कशाला रोज जखम उघडी करता. म्हाळू म्हणाला, आबा खरं बोलला माझ्यासाठी. एक दिस पिईल.

तो दोन वर्षं वाट बघत राहिला. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले. खटल्यानं तो इतका थकला नव्हता. खटल्यात निदान त्याला कळत होतं, लढायचं कुणाशी. इथं समोर कुणी वैरी नव्हता. समोर त्याचा सगळ्यात चांगला माणूस बसलेला होता, ज्यानं त्याच्यासाठी भाऊ तोडला होता, आणि ज्याच्या घशाखाली त्याच्या हातचं पाणी उतरत नव्हतं. कायद्याची जेवढी दारं होती तेवढी त्यानं वाजवली होती आणि ती उघडलीही होती. या दाराला कुठलं कलम लागू होतं?

शहात्तरच्या उन्हाळ्यातली ती सकाळ. हौसराव आले, बसले. म्हाळूनं पेला ठेवला नाही. नुसता चहा आणून ठेवला. हौसराव चहा प्यायले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पेला असायचा त्या जागी फळीवर एक गोल डाग पडला होता.

“आज पाणी न्हाई?” त्यांनी विचारलं.

“हाय की,” म्हाळू म्हणाला. “रांजण भरल्याला हाय. मागा, मी देतो.”

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. भट्टीजवळ सोजरबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हौसरावांचे ओठ हलले. शब्द आत कुठंतरी होता, असं तिला आजही वाटतं. त्यांनी रांजणाकडे बघितलं, आणि मग, दहा वर्षांपूर्वी बघितलं होतं तसं, एकदा रस्त्याकडे बघितलं. पलीकडे ओट्यावर चार माणसं बसलेली होती. हौसराव उठले. चहाचे पैसे फळीवर ठेवले, सायकल काढली आणि पायीच ढकलत निघाले. वळणापर्यंत ते सायकलवर बसले नाहीत.

म्हाळू बाकावर, त्यांच्याच जागेवर बसला आणि रडला. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता. सोजरबाई शेजारी येऊन बसली. बाहेर एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग वाट बघून तोही गेला.

दुपारी म्हाळूनं आणि तिनं मिळून रांजण हळूहळू सरकवत बाहेर नेला आणि पिंपळाखाली, ढोलीच्या शेजारी, मांडला. त्यावर झाकण ठेवलं, साखळीनं एक पेला बांधला. ज्याला तहान असेल त्यानं घ्यावं. रोज सकाळी म्हाळू तो रांजण घासून भरायचा, हुकमातल्यासारखी मोजून चमचाभर पावडर टाकायचा. पण त्यानंतर त्यानं कुणाहीपुढं आपल्या हातानं पाण्याचा पेला ठेवला नाही.